पाय आधी बघा, ट्यूब नंतर : चिखल्या, भेगा, कुरूप, टाचदुखी आणि शुगरचे पाय

आपल्याकडे पायाचं दुखणं दवाखान्याच्या आधी मेडिकलमध्ये पोचतं. काउंटरवर कुणी चप्पल काढून पाय दाखवत नाही. "बोटांत खाज सुटलीय, कायतरी द्या की" एवढं सांगितलं की एक ट्यूब हातात पडते, आणि मग तीच ट्यूब चिखल्यांना, नायट्याला, भेगांना, घरातल्या पोराच्या पायाला, सगळ्याला लावली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे पायाची जी दुखणी वर्षानुवर्षं चिघळत राहतात, त्यांतल्या बऱ्याच दुखण्यांमागे हेच आहे : काय झालंय ते न बघता औषध सुरू. म्हणून इथं बघायचं कसं ते आधी सांगतो, औषधाचं त्यानंतर.

आधी बघायचं कसं

पाय धुऊन, पुसून, दिवसाच्या उजेडात खुर्चीवर बसा. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. प्रत्येक दोन बोटांमधली फट हाताने उघडून बघा, नुसतं वरून नको. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधली फट सगळ्यांत चिंचोळी असते, ओल तिथंच अडकते आणि चिखल्या बहुधा तिथूनच सुरू होतात. तळवा दिसत नसेल, वाकता येत नसेल, तर दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरा. मग नखं, मग टाचेची कड. शेवटी हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पाय चाचपा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा फारच गार लागला तर ते लक्षात ठेवा.

पन्नाशी ओलांडली असेल किंवा शुगर असेल तर आणखी एक तपासणी घरीच होते. डोळे मिटून आडवं व्हा. घरातल्या कुणालातरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटाने अगदी हलका, एक-दोन सेकंदांचा स्पर्श करायला सांगा. दाबायचं नाही, गुदगुल्याही नाहीत. असे एकूण ६ स्पर्श होतात. त्यांतले २ किंवा जास्त कळलेच नाहीत, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं समजून डॉक्टरांना दाखवायचं. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तरी ही तपासणी फार थोड्या घरांत होते.

पुढं घरच्या उपायांबद्दल बरंच येईल. पण पायाला बधिरपणा आहे, शुगर आहे, किंवा चालताना पोटरी भरून येऊन थांबावं लागतं अशांनी कुरूप कापणं, कॉर्नची (म्हणजे कुरुपाची) पट्टी लावणं, गरम पाण्यात पाय बुडवून बसणं यातलं काहीही घरी करू नये. त्यांच्यासाठी खाली वेगळा भाग आहे.

चिखल्या

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाय खऱ्या अर्थानं कोरडा होतच नाही. रोप लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात असतात. घरी आल्यावर पाय धुतात, ओलेच चपलेत घालतात किंवा तसेच शेणाच्या गोठ्यात जातात. कातडी पांढरी, फुगलेली होते, बोटांच्या फटीत चिरते, खाज येते, वास येतो. सुरुवातीला ही नुसती पाण्यानं भिजलेली कातडी असते. चार-आठ दिवस तशीच राहिली की तिच्यात बुरशी शिरते आणि मग जिवाणूही. या तीन टप्प्यांचे उपाय वेगवेगळे आहेत.

कातडी नुसती पांढरी, सुरकुतलेली असेल, खाज फारशी नसेल, तर औषध नकोच. साबणाने धुवा, कोरड्या सुती फडक्याने एकेक फट पुसा, आणि अर्धा तास पाय उघडे ठेवून बसा. फडकं प्रत्येकाचं वेगळं हवं. चुलीजवळ पाय शेकायची पद्धत जुन्या घरांत आहे, ती वाईट नाही, फक्त अंतर राखा. रात्री बोटांच्या मध्ये कापसाची किंवा सुती कापडाची बारीक वात ठेवून झोपलं तर सकाळी फट कोरडी असते.

खाज, सालं निघणं, लालसर कड दिसायला लागली की बुरशी आली. आता क्लोट्रिमाझोल १ टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा, पूर्ण कोरड्या झालेल्या फटीत, पातळ थर. पायावर मलमाचा पांढरा लेप दिसत असेल तर ते जास्त झालं. खाज चार दिवसांत थांबते आणि इथंच बहुतेकजण फसतात, ट्यूब कपाटात जाते. बुरशी अजून कातडीत असते. या मलमाचा कोर्स साधारण ४ आठवड्यांचा धरा, कातडी चांगली दिसत असली तरी. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या दुसऱ्या मलमाचा कोर्स यापेक्षा लहान असतो, पण हल्ली आपल्या देशात त्याला न जुमानणारी बुरशी खूप दिसते. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर ट्यूब बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

फट चिरून पाणी किंवा पू येतोय, लाली पायाच्या वरच्या भागाकडे सरकतेय, जांघेत गाठ दुखतेय, ताप आहे : हा तिसरा टप्पा. यात मलम पुरत नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जा. पाय सुजून गुडघ्यापर्यंत लाल होण्याची कित्येक प्रकरणं करंगळीशेजारच्या एका चिरेतून सुरू झालेली असतात.

पाणी सुटलेल्या चिखल्यांवर पोटॅशियम परमँगनेटचं पाणी हा जुना आणि चांगला उपाय आहे, पण तो बेतानंच. बादलीभर कोमट पाण्यात दोन-चार खडे, ढवळून पूर्ण विरघळू द्यायचे, रंग फिक्कट गुलाबी हवा. जांभळा झाला तर पाणी ओतून द्या. न विरघळलेला खडा कातडीला लागला तर भाजतं. दहा मिनिटं पाय ठेवा, मग पुसून कोरडे करा. नखं तपकिरी होतात, घाबरायचं कारण नाही.

आता त्या ट्यूबबद्दल. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. त्यांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आहे. ती लावली की दोन दिवसांत खाज गायब होते, म्हणून माणसं तिच्या प्रेमात पडतात. पण खाज दबते, बुरशी वाढते. पायावरची बुरशी मग जांघेत, कमरेवर, हातावर जाते, कडा पुसट होतात आणि डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. कातडी पातळ होते ती वेगळीच. शेजारच्यानं दिलेली, गुण आलेली, अर्धी वापरलेली ट्यूब घरात असेल तर मागची बाजू आजच वाचा.

एक छोटी गोष्ट, पण उपयोगाची : पायाला बुरशी असताना कपडे घालायचा क्रम बदला. आधी मोजे, मग आतले कपडे. उलट केलं तर चड्डी पायातून वर येताना बुरशी जांघेपर्यंत घेऊन येते.

रोप लावणीआधी तळव्याला आणि बोटांना मेंदी लावायची रीत आपल्याकडे आहे. मेंदीचा लेप कातडीवर चढतो, थोडी बुरशी रोखण्याचा गुणही तिच्यात आहे, त्यामुळे लावायला हरकत नाही. मात्र घरची पाल्याची मेंदी. दुकानातल्या काळ्या मेंदीत केसांच्या डायमधलं रसायन असतं, त्यानं पायावर फोड आलेले दिसतात. चिखल्या झाल्यावर मात्र मेंदीवर थांबू नका. आणि रॉकेल, चुना, फटीत ठासून भरलेली टाल्कम पावडर, यातलं काहीच नको. पावडर ओलीला धरून गोळा होते आणि फट आणखी घासते. खोबरेल तेलही फटीत नको, ते टाचेसाठी ठीक.

चिखलात रबरी बूट घालून रोप लावता येत नाही, बूट चिखलात रुततात, हे शेतात उतरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तेव्हा उतरण्याआधी घोट्यापर्यंत आणि फटींत व्हॅसलीनचा हात फिरवणं, दुपारच्या जेवणाला बांधावर बसताना पाय स्वच्छ पाण्यानं धुऊन तासभर कोरडे ठेवणं, हे जमण्यासारखं आहे. पायाला कापलेलं असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका, किमान पट्टी बांधून वर प्लास्टिक गुंडाळा. उंदीर-घुशींच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो अशाच जखमेतून शिरतो. शेतातल्या कामानंतर एक-दोन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरांना ताप सांगताना "चिखलात होतो" हेही सांगा, त्यानं तपासणीची दिशा बदलते. २०१९च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांत लोक दिवसच्या दिवस पाण्यातून ये-जा करत होते. अशा वेळीही नियम हाच : घरी आल्यावर साबण, स्वच्छ पाणी, कोरडं फडकं, आणि जखम उघडी नको.

भेगा

दिवाळी सरली, वारं कोरडं झालं की टाचा फुटायला लागतात. टाचेखाली चरबीची गादी असते. उभं राहिलं की ती बाजूला पसरते, आणि वरची कातडी जाड, कोरडी असेल तर ताणानं कड फाटते, कणकेचा कोरडा गोळा दाबल्यावर कडा फुटतात तशी. मागून उघडी चप्पल, शहाबादी किंवा फरशीवर दिवसभर अनवाणी काम, वजन, कडक साबण, यानं ती आणखी फाटते.

उपाय कंटाळवाणा आहे पण हमखास. रात्री झोपताना कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं पाय ठेवा. वजरीने एकाच दिशेने, हलक्या हातानं घासा. एका रात्रीत टाच गुळगुळीत करायचा हट्ट नको, रक्त येईल. पुसा, आणि कातडी थोडी ओलसर असतानाच युरिया असलेलं मलम चोळा. १० टक्क्यांपासून सुरू करा, टाच फारच जाड असेल तर २५ टक्के. वरून व्हॅसलीन आणि सुती मोजे. युरियाचं मलम उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेत चुरचुरतं, म्हणून आधी दोन-तीन रात्री नुसतं व्हॅसलीन, भेग मिटायला लागली की युरिया.

खानापूरच्या घाटाकडच्या घरांत कोकमाच्या बियांचं तेल असतं, गोळ्यासारखं घट्ट. थोडं वितळवून भेगेत भरायची जुनी पद्धत उत्तम आहे. व्हॅसलीनचं काम ते करतं आणि पायाच्या उबेनं हळूहळू मुरतं. शहरातल्या बाजारात मिळालं तर घ्या. ब्लेडने कड तासणं मात्र बंद करा.

एका पायाच्या भेगा उन्हाळ्या-पावसाळ्यातही जात नसतील, तळव्यावर पांढरी पापुद्र्यांची साय असेल, तर ती बुरशी किंवा सोरायसिस असू शकते. दोन्ही टाचा फुटल्यात, वजन वाढतंय, थकवा आहे, बाराही महिने थंडी वाजते, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

कुरूप, चामखीळ की मोडलेला काटा?

तळव्यात टणक, दुखरा ठिपका दिसला की आपण त्याला सरसकट कुरूप म्हणतो. तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि ओळखायला दोन बोटं पुरतात. वरून सरळ दाबलं की कळ येते ते बहुधा कुरूप. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं ती चामखीळ. तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात आणि तळव्याच्या रेषा तिच्याजवळ येऊन थांबतात. कुरुपावरून रेषा पुढं जातात.

तिसरी शक्यता शेतकऱ्यांच्या पायात सगळ्यांत जास्त : बाभळीच्या काट्याचं टोक. काटा वरवर काढला जातो, टोक आत मोडतं, जखम मिटते आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्या जागी टणक गाठ येते. उसाच्या खोडव्यात अनवाणी चालताना घुसलेल्या कुसळाचंही असंच. अशा गाठीवर कॉर्नची पट्टी लावून काही उपयोग नाही, सर्जनकडे छोटा छेद देऊन टोक काढावं लागतं. काटा कधी लागला होता हे आठवून सांगा. बाभळीचा काटा एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसण्याची शक्यता जास्त.

खरं कुरूप असेल तर आधी दाब शोधा. चपलेचा खिळा वर आलाय का, अंगठ्याशी पट्टा घासतोय का, एकाच जागी वजन पडतंय का. दाब तसाच ठेवून कुरूप काढलं तर ते महिनाभरात परत येतं, आणि मग लोक म्हणतात "मूळ राहिलं". मूळ वगैरे काही नसतं. कुरुपाला सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी मिळते, साधारण ४० टक्क्यांची. पट्टी कुरुपापेक्षा मोठी नको, नाहीतर शेजारची चांगली कातडी जळते. लागलं तर कापून लहान करा. सांगितलेल्या दिवसांनी काढा, कोमट पाण्यात भिजवा, पांढरी झालेली कातडी वजरीने घासून काढा. शुगरवाल्यांनी ही पट्टी लावायचीच नाही.

चामखीळ विषाणूमुळे होते आणि घरात पसरते. पायपुसणं आणि वजरी वेगळी ठेवा. मुलांमधल्या बऱ्याच चामखिळी एक-दोन वर्षांत आपोआप जातात, तेव्हा पोराला घाईनं जाळून घेण्याची गरज नसते.

काटा, खिळा, विळा लागल्यावर पहिल्या तासात काय कराल? वाहत्या पाण्याखाली साबणाने ५ ते १० मिनिटं धुवा. धुणं हेच अर्धं औषध. वर दिसणारा काटा काढा, खोल गेलेला सुईनं कोरत बसू नका. हळद, चहापूड, तंबाखू, शेण, काहीही भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवतच नसेल, तर त्याच दिवशी घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं.

नखं

थोडक्यात. नख सरळ आडवं कापा, कोपरे गोल करून आत घुसवू नका. नख मांसात घुसून दुखत असेल तर दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पाय, मग नखाच्या कडेखाली कापसाचा बारीक धागा सरकवून नख वर उचललेलं ठेवा, पुढून उघडी चप्पल घाला. पू झाला, मांस वर आलं तर डॉक्टरांकडे. कडेची नखाची पट्टी काढणं हे सुन्न करून पाच-दहा मिनिटांत होणारं काम आहे. नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं असेल तर मलमानं ते क्वचितच बरं होतं. तपासणीत बुरशी नक्की झाली तर महिना-दोन महिने नव्हे, त्याहून जास्त काळ गोळ्या लागतात आणि अंगठ्याचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

टाचदुखी

सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ, दहा पावलं चाललं की कमी, दिवसअखेर पुन्हा. हे लक्षण जवळपास नेहमी तळव्याच्या पडद्याला आलेल्या ताणाचं असतं. वडगाव, खासबाग, शहापूरला मागावर दिवसभर उभे राहणारे, उद्यमबागेतले कामगार, फरशीवर अनवाणी स्वयंपाक करणाऱ्या बायका, यांच्यात ते फार. एक्स-रे काढला की "हाड वाढलंय" असं ऐकायला मिळतं आणि माणूस धास्तावतो. असं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत दिसतं. दुखणं त्या हाडाचं नसतं, ते काढायची गरज क्वचितच पडते.

काय करायचं : अंथरुणातून उठण्याआधीच, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा. तळव्यात दोरीसारखा ताण जाणवला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. मगच पाऊल टेका, तेही चपलेत. दिवसा भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पोटरी ताणा, अर्धा मिनिट, तीन वेळा. संध्याकाळी बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवा. घरातसुद्धा मऊ, थोडी टाच उंच असलेली चप्पल घाला. स्वयंपाकघरात चप्पल चालत नसेल तर तिथल्यासाठी वेगळी धुतलेली जोडी ठेवा. सासूबाईंशी हा वाद एकदा घालावा लागेल, घाला. बहुतेकांचं दुखणं असं वर्षभरात जातं, पण जायला महिने लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडणारेच परत इंजेक्शनकडे वळतात.

सैन्यभरतीच्या तयारीला पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांनी जास्त जपावं. एकदम अंतर वाढवू नका, शक्यतो मातीच्या मैदानावर पळा, बूट झिजले की बदला. नडगीवर एकाच जागी बोटानं दाबल्यावर कळ येत असेल तर ती हाडाची बारीक चीर असू शकते. पळणं थांबवून तपासा. सपाट पायाची धास्ती अनेकांना असते. ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघा, मग चवड्यावर उभे राहा. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसते आणि दुखत नाही, तो सपाटपणा लवचीक, बहुधा निरुपद्रवी.

अंगठ्याचा सांधा रात्रीत लाल, सुजलेला, चादर लागली तरी सहन होत नाही असा दुखायला लागला तर ही टाचदुखी-मुरगळ नव्हे, युरिक ॲसिडचं दुखणं असू शकतं. मालीश करू नका, दाखवा.

पायी जाणारे आणि अनवाणी धावणारे

पंढरीला दिंडीबरोबर, चैत्रात जोतिबाला, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला. नवरात्रात पहाटेच्या दुर्गामाता दौडीत कितीतरीजण अनवाणी असतात. श्रद्धेला माझा आक्षेप नाही, पण शुगर असलेल्यानं अनवाणी जायचं नाही, यात सवलत नाही. देवळाच्या उन्हातल्या फरशीवर बधिर तळवा भाजतो आणि कळत नाही. मोजे घालून दर्शन घ्या, देव अडवत नाही.

बाकीच्यांनी निघण्याआधी तीन आठवडे रोज थोडं-थोडं चालून तळवे तयार करावेत. नवीन चप्पल किंवा बूट घालून कधीही निघू नये. वाटेत एखाद्या जागी गरम वाटायला लागलं की तिथंच थांबा, त्या जागेवर चिकटपट्टी लावा. फोड यायच्या आधीची ती पाच मिनिटंच कामाची. फोड लहान असेल तर फोडू नका. मोठा, ताणलेला असेल तर सुई उकळून किंवा स्पिरिटनं पुसून कडेला दोन भोकं पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच ठेवा आणि पट्टी लावा. सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायची पद्धत दिंड्यांत आहे, ती सोडा. दोऱ्यावरून घाण आत जाते.

शुगरचे पाय

शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसांची जाणीव जाते आणि रक्तपुरवठाही कमी होतो. दुखत नाही म्हणून जखम कळत नाही, रक्त नाही म्हणून ती भरत नाही. पायाचं बोट काढावं लागण्यापर्यंत गेलेली गोष्ट पुष्कळदा नवीन चपलेच्या एका घाशापासून, किंवा चपलेत पडलेल्या खड्यापासून सुरू झालेली असते.

रोज रात्री पाय बघा, वर सांगितलं तसं. चप्पल घालण्याआधी उलटी करून आपटा आणि आत हात फिरवा. आंघोळीच्या पाण्याचं तापमान पायानं नव्हे, कोपरानं बघा. थंडीत शेकोटी, गरम पाण्याची पिशवी पायाला नको. मलम तळव्याला आणि टाचेला लावा, बोटांच्या फटीत नाही. घरातसुद्धा अनवाणी नको. अंगठ्याची पट्टी असलेली चप्पल बधिर पायातून निसटते आणि पट्ट्याचा घासा कळत नाही, म्हणून मागून पट्टा असलेली, आत एमसीआर म्हणजे स्पंजासारख्या मऊ रबराची जोडी घ्या. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना आणि नाडी तपासून घ्या. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी.

जखम २४ तासांत सुकायला लागली नाही, काळी पडली, वास आला, किंवा जखम नसताना एक पाय गरम आणि सुजलेला झाला, तर "उद्या बघू" म्हणू नका. शेवटच्या प्रकारात आतली हाडं ढासळत असू शकतात आणि त्यावर चालत राहणं सगळ्यांत वाईट.

बधिरपणा नेहमी शुगरचाच असतो असं नाही. अंगावर फिक्कट, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. लाजण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही, गोळ्या सगळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट मिळतात आणि लवकर घेतल्या तर पाय वाचतो. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात आणखी एक दुखणं ओळखून ठेवायला हवं. बिडी ओढणारा चाळिशीच्या आतला माणूस, चालताना तळवा-पोटरी भरून येते, रात्री बोटं ठणकतात, मग एक बोट काळं पडतं. रक्तवाहिन्या बंद होत जाण्याचा हा आजार बिडी सोडल्याशिवाय थांबत नाही. कमी केली, दोनवर आणली, असं चालत नाही. पूर्ण सोडायची.

दवाखान्यात जाताना रोजची चप्पल घालून जा, लावलेली सगळी मलमं पिशवीत न्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नडच बोलणारे भेटले आणि तुम्हाला जमत नसलं तर घरातल्या शाळकरी पोराला सोबत न्या, ते शाळेत शिकलेलं असतं. पाय दाखवताना दोन्ही दाखवा.

चप्पल आणि बूट

अथणी, निपाणीकडे बनणारी कोल्हापुरी ही आपल्या जिल्ह्याचीच चप्पल आहे. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे त्यात आले. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं पहिले काही दिवस चावतं. आतून पट्ट्याला आणि अंगठ्याच्या कडीला तेलाचा हात द्या, रात्रभर मुरू द्या, घरात अर्धा तास, मग तास, असं वाढवा. पावसात घालू नका. ओलं कातडं आकसतं आणि मग बोटाला कापतं. टाच दुखत असेल तर कोल्हापुरी लग्ना-सणापुरती ठेवा, तिचा तळ सपाट आणि कडक असतो.

कुठलंही पायताण संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून उभं राहून बघा, लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा हवी. बूट चवड्याजवळ वाकावा, मधून नाही.

शाळेच्या मुलांचे काळे बूट पावसाळ्यात रोज भिजतात आणि जोडी एकच असते. घरी आल्याबरोबर आतलं पान बाहेर काढा, जुना 'तरुण भारत' चुरगाळून बुटात कोंबा, दोन तासांनी कागद बदला, रात्री पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ ठेवले तर तळ उकलतो. मोज्यांच्या तीन जोड्या तरी हव्यात, दप्तरात एक कोरडी. सकाळी बूट ओलाच असेल तर त्या दिवशी पोराला चपलेवर पाठवा आणि बाईंना चिठ्ठी द्या.